धाकट्यासाठी

काही माणसांना चोरून विडी ओढायची सवय असते, काहींना चोरून पत्ते कुटायची. कॉलेजात असताना मला चोरून पुस्तकं वाचायची सवय होती. आता यात चोरण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचाराल आणि दुसऱ्याच क्षणी तुमच्या चेहऱ्यावर ते विशिष्ट हसू उमटेल. नाही हो, तसली पुस्तकं नव्हेत! तसली पुस्तकं आमच्या वर्गात मागच्या बाकांवरून राजरोस फिरत होती आणि ती वाचणाऱ्याला एक प्रकारची प्रतिष्ठाही होती. मी वाचत होतो ती पुस्तकं त्याहून लाजिरवाणी होती. ती 'कुमारांसाठी' होती.

ही गोष्ट १९७४ सालची. जुन्या अकरावीची मॅट्रिक पास होऊन मी साताऱ्याच्या एका कॉलेजात दाखल झालो होतो. वय वर्षं सतरा. मिसरूड फुटलेलं होतं. बेलबॉटम शिवून झाली होती, फक्त तिचा घेर वडिलांच्या नजरेस पडायचा बाकी होता. मोठं व्हायची म्हणून जी काही तयारी लागते ती सगळी झाली होती. वाचन तेवढं सातवीत राहून गेलं होतं.

आमच्या कॉलेजात वाचणाऱ्यांचे तीन पंथ होते. पहिला पंथ 'स्वामी', 'ययाति' आणि 'मृत्युंजय' वाचणाऱ्यांचा. हा संख्येनं मोठा. यातल्या मुली पुस्तक छातीशी धरून चालत आणि मुलं कर्णावर झालेल्या अन्यायाबद्दल कँटीनमध्ये इतक्या पोटतिडकीनं भांडत, की कर्ण यांच्याच आळीत राहत असावा असं वाटे. 'ययाति'ला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा या पंथानं ते पुस्तक स्वतःच लिहिल्यासारखा सगळ्यांना चहा पाजला होता. दुसरा पंथ 'कोसला' आणि 'काजळमाया'वाल्यांचा. या पंथात शिरायला दाढी लागे. ज्यांना ती येत नसे, ते निदान हसणं तरी सोडून देत. तिसरा पंथ जेम्स हॅडली चेसचा. त्यांना इंग्रजी फारसं येत नसे, पण मुखपृष्ठं कळत.

चौथ्या पंथात मी एकटाच होतो. माझा कर्ण सायकलवर बसत होता. काडीसारखे हातपाय, चौकड्यांचा शर्ट आणि पायाखाली सायकल! मूळ गाव फुरसुंगी, शिक्षण पुण्याच्या विद्याभवनात आणि धंदा लोकांच्या भानगडीत पडण्याचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! तो 'ट्टॉक' करून जीभ वाजवायचा आणि इकडे माझ्या अंगावर काटा यायचा. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी अख्ख्या वर्षात बोलून बोलून तो एकदाही आणला नव्हता.

आणि एकटा फेणेच होता असं नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या होता. ज्यूल व्हर्नच्या गोष्टी भागवतांनीच मराठीत आणल्या होत्या, त्यातल्या 'चंद्रावर स्वारी'त मी दोनदा चंद्रापर्यंत जाऊन आलो होतो. दर महिन्याला 'चांदोबा' होता. १९७१ साली पाठ्यपुस्तक मंडळानं सुरू केलेलं 'किशोर' मासिक होतं. या मंडळाचं मला फार कौतुक वाटे. आधी पाठ्यपुस्तकं काढायची आणि मग त्या पाठ्यपुस्तकात लपवून वाचायला मासिकही आपणच काढायचं, एवढा विचार सरकारी खात्यात सहसा कुणी करत नाही.

आता खरं सांगायचं, तर मी मोठ्यांची पुस्तकं वाचून पाहिली नव्हती असं नाही. अगदी नेटानं पाहिली. पण त्या पुस्तकांतला नायक पहिल्या पानावर खिडकीपाशी बसलेला असे. चाळिसाव्या पानावर तो तिथेच असे आणि बाहेर पाऊस सुरू झालेला असे. शंभराव्या पानावर त्याला कळे, की आपल्या हातात काहीच नाही. अहो, हे मला आधीच माहीत होतं! माझ्या हातात तरी काय होतं? कॉलेज वडिलांनी निवडलं होतं, विषय मामांनी निवडले होते, केस किती वाढवायचे ते आळीतला न्हावी वडिलांना विचारून ठरवत होता. पुढे काय करायचं, याचा निर्णय 'बघू' या एका शब्दात घरच्यांनी घेऊन टाकला होता. अशा माणसानं खिडकीपाशी बसलेल्या नायकाचं काय करायचं? आमच्या घरात खिडकीही एकच होती आणि तिथे वडील बसत.

फेणेचं तसं नव्हतं. त्याला कुणी विचारत नसे, तरी तो निघे. चोर दिसला की पॅडल मारी. आणि त्यानं पॅडल मारलं म्हणून काहीतरी होई. चोर सापडे, हरवलेलं मिळे, मोठी माणसं येऊन त्याची पाठ थोपटत. एका पोरानं हातपाय हलवले तर जगात फरक पडतो, हे छापील स्वरूपात सांगणारी दुसरी पुस्तकं साताऱ्यात तरी माझ्या पाहण्यात नव्हती. आमच्या अभ्यासक्रमात तर नव्हतीच नव्हती.

पण हे सगळं मी आज सांगतो आहे. त्या वेळी कुणी विचारलं असतं, तर मी मान खाली घालून 'कोसला' म्हटलं असतं.

अडचण होती ती पुस्तकं मिळवण्याची. आमच्या गावातल्या वाचनालयाचे दोन भाग होते. वरच्या मजल्यावर मोठ्यांचा विभाग. तिथे पंखा होता, वर्तमानपत्रांचं लांब टेबल होतं आणि त्यावर मान टाकून झोपलेले दोन-तीन पेन्शनर होते. खाली जिन्याच्या पोटात बालविभाग. तिथे वीतभर उंचीची बाकं होती. मी पाच फूट दहा इंच. त्या बाकावर बसलो की माझे गुडघे कानाला लागत आणि दुरून पाहणाऱ्याला मी उकिडवा बसून काहीतरी शोधतो आहे असं वाटे. बाल आणि प्रौढ यांच्या मधल्या माणसानं कुठे बसावं, याची सोय वाचनालयानं केलेली नव्हती. बहुधा त्यानं जिन्यातच उभं राहावं अशी अपेक्षा असावी.

आणि नियम असा, की मोठ्यांच्या कार्डावर बालविभागाचं पुस्तक घरी मिळायचं नाही.

बालविभागाचे आणि एकूणच वाचनालयाचे सर्वेसर्वा म्हणजे अण्णा. धोतर, काळी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. ते चष्म्यातून पुस्तकाकडे पाहत आणि चष्म्यावरून माणसाकडे. पहिल्या दिवशी मी फास्टर फेणे घेऊन खिडकीपाशी गेलो, तेव्हा त्यांनी आधी चष्म्यातून पाहिलं आणि मग चष्म्यावरून.

"कुणासाठी रे?"

माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात, की तिथे सत्य बोलणारा हरिश्चंद्र होतो. मी म्हणालो, "धाकट्या भावासाठी."

"कितवीत आहे?"

"सातवीत."

"नाव?"

जे नाव पहिल्यांदा तोंडात आलं ते मी सांगून टाकलं. अण्णांनी दौतीत टाक बुडवला, क्षणभर तसाच धरला, मग रजिस्टरात लिहिलं. दोन रुपये अनामत घेतली. कार्डावर शिक्का मारला. अशा रीतीनं १९७४ च्या पावसाळ्यात, वयाच्या एकदम बाराव्या वर्षी, माझा धाकटा भाऊ जन्माला आला. मी आईवडिलांचा एकुलता एक मुलगा होतो.

भाऊ जन्माला घालणं सोपं असतं हो, त्याला वाढवणं कठीण! अण्णा दर आठवड्याला त्याची चौकशी करीत. मी ताप आल्यामुळे दहा दिवस गेलो नाही, तर दंड चुकवण्यासाठी धाकट्याला गालगुंड झाले. अण्णांनी लेप सुचवला. एकदा पुस्तकावर चहा सांडला.

"धाकटा चहा पितो?" अण्णांनी डाग बोटानं चाचपत विचारलं.

"थोडासा."

"सातवीतल्या पोराला चहा? आईला सांग, म्हणावं दूध द्या. आणि त्याला सांग, पानं दुमडू नकोस. खूण म्हणून पिंपळपान ठेव."

मी त्या दिवशी घरी येऊन स्वतःला रागावलो.

त्यात पुन्हा दरसाल जून उजाडला की प्रश्न येई. धाकटा पास व्हायला हवा. फेणेचं बरं होतं. तो वर्षानुवर्षं विद्याभवनातच होता, त्याला कुणी वर चढवत नव्हतं. पण माझ्या धाकट्याला अण्णा दर वर्षी विचारीत, "काय, गेला ना वरच्या वर्गात?" नापास करावा तर घराण्याची अब्रू जाते, पास करावा तर तो मोठा होतो. आणि बालविभागाचं कार्ड दहावीपर्यंतच चालतं, असं भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं. मी बी.ए. करत होतो आणि माझा जीव दुसऱ्याच्या दहावीत अडकला होता.

दरम्यान कॉलेजातही माझ्यावर एक प्रसंग गुदरला. फेणे वर्गात वाचता यावा म्हणून मी त्याला खाकी कव्हर घातलं होतं आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'अस्तित्ववाद — भाग २'. यात थोडं डोकं लावलं होतं. नुसतं 'अस्तित्ववाद' लिहिलं असतं, तर दुसऱ्या पंथातल्या एखाद्या दाढीनं मागून नेलं असतं. भाग दोन कुणी मागत नाही. कारण मागितला, तर भाग एक वाचलेला नाही हे उघड होतं.

पण आमच्या मराठीच्या सरांनी भर तासाला ते माझ्या हातातून घेतलं. कव्हर वाचलं. मग ते वर धरून त्यांनी अख्ख्या वर्गाला दाखवलं.

"पाहा! नुसते कादंबऱ्या काय वाचता? हा मुलगा पाहा. भाग दोन! म्हणजे एक भाग यानं पचवलाय!"

वर्गानं माझ्याकडे पाहिलं. कँटीनमधल्या तीन दाढ्यांनी त्या दिवशी प्रथमच मला नमस्कार केला. सरांनी पुस्तक न उघडताच बॅगेत टाकलं आणि "चाळून देतो" म्हणून घरी नेलं.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. इकडे अण्णांचा दंड चढत होता, तिकडे माझी अब्रू उतरायची वेळ जवळ येत होती. नवव्या दिवशी सरांनी मला स्टाफरूमबाहेर बोलावलं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून पुस्तक हातात दिलं. कव्हर तसंच होतं.

"आमच्या छकुलीनं फार हट्ट धरला," सर घसा साफ करत म्हणाले, "म्हणून तिला वाचून दाखवलं. तिला आवडलं. सायकलचा पाठलाग आणखी थोडा चालायला हवा होता, असं तिचं मत पडलं."

"हो सर."

"भाग एक असेल तर आणा. तिच्यासाठी."

सरांच्या छकुलीचं बारसं होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्या बारशाला आम्ही सगळे जेवून आलो होतो. पाठलागाविषयी इतकी ठाम मतं असलेली दीड वर्षाची मुलगी मी त्यानंतर पाहिलेली नाही. मी तिला पुढच्या वर्षभरात सात पुस्तकं पुरवली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की या गावात धाकटे भाऊ आणि छकुल्या बऱ्याच असाव्यात.

मग आली १९७७ ची संक्रांत. आमच्या घरी हळदीकुंकू होतं. मी आतल्या खोलीत दार लोटून धाकट्याचं पुस्तक वाचत बसलो होतो. बाहेर बांगड्यांचा आवाज, अत्तराचा वास, कुणाच्या तरी सुनेची निंदा, असं सगळं रीतसर चाललं होतं. एवढ्यात एक ओळखीचा नसलेला आवाज कानावर पडला.

"धाकटे चिरंजीव दिसत नाहीत कुठे? आमच्या घरी फार नाव निघतं हो त्यांचं. हे म्हणतात, वाचावं तर त्या पोरानं!"

त्या अण्णांच्या काकू होत्या. आईच्या नव्या भिशीतली ओळख. सातारा हे गाव या दृष्टीनं फार लहान आहे.

माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. बाहेर एक क्षण काही ऐकू आलं नाही. फटीतून मला आईची पाठ दिसत होती. तिच्या एका हातात तिळगुळाचा डबा होता आणि दुसरा हात डब्यात होता. तो तसाच राहिला. आता ती म्हणणार, 'कोण धाकटे?' मग काकू घरी जाऊन सांगणार, मग अण्णा, मग वाचनालय, मग वडील, असा सगळा रस्ता माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"बाहेर उंडारायला गेलाय," आई म्हणाली. "घरात पाय ठरतो का त्याचा! घ्या, तिळगूळ घ्या. हा एक आणखी घ्या."

बायका गेल्या. मी दारात येऊन उभा राहिलो. आई पाट उचलत होती. माझ्याकडे न पाहताच तिनं विचारलं, "कितवीत आहे?"

"नववीत."

ती थांबली. तिनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि पाट घेऊन आत गेली.

त्या वेळी मला वाटलं, सुटलो. ते 'बरोबर' म्हणजे काय बरोबर, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी साधारण पाच वर्षांचा असताना मला काही महिने आजोळी नेऊन ठेवलं होतं, एवढं आठवत होतं. परत आलो तेव्हा घरातला पाळणा माळ्यावर गेला होता. तो खाली का काढला होता, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे खूप वर्षांनी मावशीनं बोलता बोलता सांगितलं, तेव्हा मी गुपचूप पेरांवर मोजून पाहिलं. १९६२ चा जन्म. १९७७ च्या संक्रांतीला नववीतच असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "ते पुस्तक तुझं वाचून झालं की इकडे ठेव. दुपारची वाचते जरा. काय वाचतो, बघू तरी."

तेव्हापासून कार्ड एक आणि वाचणारे दोन झाले. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. ती ओठ हलवत वाचायची, दुपारी धान्य निवडून झालं की. फेणे संकटात सापडला की म्हणायची, "एवढं कशाला धावायचं ते! पडला म्हणजे?" आणि तो सुखरूप सुटला की पुस्तक मिटून कपाळाला लावायची. तिच्या हिशेबी ते पोथीतच जमा होतं. वडिलांनी एकदा विचारलं, "हे काय पोरकट वाचतेस?" तर म्हणाली, "धाकट्या वन्संच्या मुलाला द्यायचंय. त्याआधी बघते कसं आहे ते." खोटं बोलण्याची कला माझ्याकडे कोणत्या घराण्याकडून आली, ते मला तेव्हा कळलं.

आणि शेवटी १९७८ चा मार्च आला. माझी बी.ए.ची परीक्षा आणि धाकट्याची एस.एस.सी., दोन्ही एकदम. निकालही मागेपुढे लागले. मी दुसऱ्या वर्गात पास झालो. वडील "बघू" म्हणाले. वाचनालयात गेलो, तर अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं.

"धाकट्याचं काय?"

"पास झाला."

"टक्के?"

"एकसष्ट."

"मग पेढे कुठायत?"

साताऱ्यात राहून पेढ्यांना नाही म्हणणारा माणूस जगू शकत नाही. घरी येऊन आईला सांगितलं. तिनं डब्यातले पैसे काढले. "अर्धा किलो आण. पाव अण्णांना दे, पाव देवापुढे ठेव." मी चप्पल घातली, तर मागून विचारलं, "किती टक्के सांगितलेस?"

"एकसष्ट."

"आणखी चार-पाच द्यायचे होतेस. तुझं काय जात होतं?"

मोती चौकातून कंदी पेढे घेतले. मी स्वतः बी.ए. झाल्याचे पेढे कुणी मागितले नव्हते, हे वाटेत लक्षात आलं. अण्णांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटून संपवला, धोतराला हात पुसले आणि रजिस्टर उघडलं.

"आता कार्ड बंद. नियम तो नियम. ही तुझी दोन रुपये अनामत. कर सही."

सही करायला मी वाकलो. चार वर्षांपूर्वी घाईत सांगितलेलं नाव तिथे अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. 'चि. बनेश.'

मी वर पाहिलं. अण्णा चष्म्यावरून पाहत होते.

"अरे," ते म्हणाले, "तीस वर्षं या जिन्याखाली बसतोय मी. फास्टर फेणेचं पाळण्यातलं नाव मला ठाऊक नसेल असं वाटलं तुला?"

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "म्हणजे पहिल्या दिवसापासून..."

"पहिल्या मिनिटापासून. पण म्हटलं, पोरगं वाचतंय. वाचू दे." त्यांनी आणखी एक पेढा उचलला. "आणि चहाबद्दल मी बोललो ते तुलाच. दूध पीत जा."

मग इकडे तिकडे पाहून ते हळूच म्हणाले, "संध्याकाळी पाच ते सात इथे बसायला माणूस मिळत नाही. नोकरी लागेपर्यंत बसतोस? पैसे नाहीत. पण पुस्तकाला कार्ड लागणार नाही."

मी पुढचं वर्षभर तिथे बसलो. गुडघे कानाला लावून.

आज या गोष्टीला पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. भागवत २००१ साली गेले. त्यांचा जन्म १९१० चा. म्हणजे मी फेणेला खाकी कव्हर घालत होतो तेव्हा ते स्वतः पासष्टीच्या आसपास होते. पासष्टीचा माणूस उजळ माथ्यानं ज्या मुलाबरोबर सायकलवरून हिंडत होता, त्याच्याबरोबर दिसायला विशीतला मी लाजत होतो! फेणेवर १९८७ मध्ये दूरदर्शनची मालिका झाली, २०१७ साली सिनेमा झाला. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत, म्हणजे खिडकीपाशी कुणी 'कुणासाठी रे' म्हणून विचारायचा प्रश्नच मिटला.

माझी नात कॉलेजात आहे. ती असली पुस्तकं भर दिवाणखान्यात सोफ्यावर आडवी पडून वाचते. मी विचारलं, तर म्हणाली, "आजोबा, याला यंग ॲडल्ट म्हणतात. दुकानात याची वेगळी मांडणी असते."

"मग आता धाकटा भाऊ लागत नाही?"

"कुणाचा?" तिनं पुस्तकातून मान वर न करता विचारलं.

मी काही बोललो नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. बाल आणि प्रौढ यांच्या मधल्या माणसांना अखेर जिन्यातून काढून बसायला एक फळी मिळाली आहे. आमच्या वेळी अण्णांनी ती स्वतःपुरती, रजिस्टरातल्या एका ओळीत, तयार करून दिली होती.

परवा साताऱ्याला गेलो होतो. राजवाड्याजवळ पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. फेणेचा नवा, चकचकीत संच मांडलेला दिसला. मी तो उचलून गल्ल्यापाशी नेला. गल्ल्यावर विशीतला एक मुलगा होता. त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "नातवासाठी का, आजोबा?"

"नाही," मी म्हणालो. "धाकट्या भावासाठी."

त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा संचाकडे पाहिलं. बोलला काही नाही. शहाणा मुलगा होता. फक्त म्हणाला, "रंगीत कागदात बांधून देऊ?"

"नको," मी म्हणालो. "तो घरी पोचेपर्यंत थांबत नाही. वाटेतच उघडतो."